शुकुर म्हणजे किती?

अवघ्या तीन ओळींची रचना. पहिलीत विचारलंय, तुमच्या लग्नाबाबत तुम्ही किती समाधानी आहात. दुसरीत, नवरा म्हणून तुमच्या नवऱ्याबाबत किती. तिसरीत, नवऱ्याशी असलेल्या तुमच्या नात्याबाबत किती. प्रत्येक ओळीपुढे सात घरं, ‘अत्यंत असमाधानी’पासून ‘अत्यंत समाधानी’पर्यंत. कमीत कमी ३ गुण, जास्तीत जास्त २१. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्य विद्यापीठात वॉल्टर शूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात घडवलेली ही मोजपट्टी. वैवाहिक समाधान मोजण्याच्या बाकीच्या बऱ्याच पट्ट्या लांबलचक असतात. लॉक आणि वॉलेस यांची १९५९ची पट्टी १५ प्रश्नांची, ग्रॅहम स्पॅनियर यांची १९७६ची ३२ प्रश्नांची. शूम यांनी सगळं तीन वाक्यांवर आणलं.

मला ही रचना मनापासून आवडते आणि मी ती कवितेसारखीच वाचते. इंग्रजीत तिन्ही ओळींचा सांगाडा एकच आहे, धृपदासारखा. बदलतो तो फक्त शेवटचा तुकडा. पहिली ओळ लग्नाकडे गावाच्या वेशीवरून पाहते, दुसरी उंबऱ्यात येऊन एका माणसाकडे पाहते आणि तिसरी दोन माणसांच्या मधल्या जागेकडे. लग्न चांगलं आहे पण नवरा नाही, नवरा चांगला आहे पण आमचं काही जमलं नाही, असं म्हणायची सोय या तीन ओळींत आहे. इतक्या कमी शब्दांत एवढा भेद राखायला कसब लागतं.

हे कसब दुसऱ्या भाषेत नेताना काय होतं, हे मला पश्तूमुळे कळलं. आरोग्याच्या पाहण्यांसाठी इंग्रजी प्रश्नावल्या मराठीत आणायचं काम मी बरीच वर्षं करते. पुण्यात अफगाणिस्तानातून शिकायला येणाऱ्यांची वस्ती जुनी आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये तालिबानची सत्ता आल्यानंतर त्यातल्या अनेकांचं परतणं राहूनच गेलं. अशाच दोघी पश्तून विद्यार्थिनींशी माझी ओळख झाली. एक नंगरहारची, लग्न झालेली. दुसरी कंदहारची, लग्नाचं नाव काढलं की विषय बदलणारी. या तीन ओळी पश्तूभाषक बायकांना विचारायच्या झाल्या तर कशा विचारायच्या, या एका प्रश्नावर आम्ही कितीतरी रविवार बसलो. माझी पश्तू जेमतेम. लिपी वाचते, नात्यांचे शब्द ओळखते, व्याकरणाचं पुस्तक हाताशी ठेवते. त्या दोघी नसत्या तर यातलं काहीच मला दिसलं नसतं.

पहिल्या रविवारी पहिल्या ओळीचा सरळ अनुवाद झाला. ‘तासो ल ख्पल वाद न सोम्रा राझी यास्त?’ तुम्ही आपल्या लग्नावर किती राजी आहात? वाक्य छोटं, सोपं, कानाला गोड. नंगरहारच्या मुलीने ते मोठ्याने वाचलं आणि हसून म्हणाली, “माझ्या आजीला विचारलंत तर ती सांगेल, भात कमी पडला होता.”

‘वाद’ म्हणजे लग्न हे खरं, पण ते आधी लग्नाचा दिवस, वरात, पंगत, ढोल. मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. एखाद्या मावशींना ‘तुमच्या लग्नाबद्दल समाधानी आहात का’ असं विचारा. त्या मानपानापासून सुरुवात करतील, आणि वरमाईला दिलेल्या लुगड्यापाशी बराच वेळ थांबतील. इंग्रजीत एकाच शब्दाने चाळीस वर्षांचा काळ सांगता येतो. आपल्याकडे त्यासाठी ‘संसार’ हा शब्द आहे आणि तो मिळाला हे मराठीचं भाग्य. पश्तूत आम्ही ‘गड झ्वंद’ घेऊन पाहिलं, म्हणजे एकत्र जगणं, सामाईक आयुष्य. शब्द नीटनेटका, पण त्याला वर्तमानपत्राचा वास. कंदहारची म्हणाली, हे रेडिओवरच्या बाईसारखं वाटतं. शेवटी ‘लग्न झाल्यापासूनचं तुमचं जगणं’ असा लांबचा वळसा घ्यावा लागला. ओळीची ठेवण गेली, अर्थ राहिला. रसिकाला हळहळ वाटते, पण मुलाखत घेणारीला अर्थाशिवाय गत्यंतर नाही.

प्रश्नावल्यांच्या जगात अशा घोटाळ्यांवर एक रामबाण उपाय मानला जातो, उलट अनुवादाचा. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७०मध्ये तो रूढ केला. एकाने इंग्रजीतून पश्तूत न्यायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने पश्तूतून परत इंग्रजीत आणायचं आणि दोन्ही इंग्रजी समोरासमोर ठेवायची. ही पद्धत उपयोगाची आहे, ती टाकून देऊ नये. पण आमचं पहिलं वाक्य तिच्यातून सहीसलामत पार पडलं असतं. ‘वाद’चं इंग्रजी लग्नच होतं आणि ‘राझी’चं समाधानीच. दोन्ही इंग्रजी तंतोतंत जुळली असती, कुणालाच काही खटकलं नसतं आणि गावातली आजी भाताबद्दल सांगत राहिली असती. शब्द कानावर पडताक्षणी मनात काय उभं राहतं, ते उलट अनुवादाला दिसत नाही. ते दिसायला एक बाई समोर बसवावी लागते आणि तिला विचारावं लागतं, हे ऐकून तुम्हाला काय वाटलं, मी नेमकं काय विचारतेय?

आता ‘राझी’. या एका शब्दावर आमचे तीन रविवार गेले आणि एकाही तासाबद्दल मला वाईट वाटत नाही.

समाधानी म्हणायला पश्तूत तीन-चार वाटा आहेत. ‘खुशाल’ आहे आणि तो पुरुषाला ‘खुशाल’, बाईला ‘खुशाला’ असा बदलतो. इंग्रजी शब्दाला लिंग नसतं, म्हणून बाईसाठी वेगळी प्रत करायला फक्त ‘पत्नी’च्या जागी ‘पती’ घालावं लागतं. पश्तूत विशेषणाच्या शेपटापर्यंत हात घालावा लागतो. पण खुशाला म्हणजे आनंदी. दुपारी पाहुणे आले म्हणूनही बाई खुशाला असते. दुसरा ‘मुतमइन’, हा शिकलेल्यांचा. तिसरा ‘राझी’, हा सगळ्यांचा. आपला ‘राजी’ त्याच अरबी घराण्यातला, फारसीच्या वाटेने आलेला. तो आपल्या खरेदीखतात अजून जिवंत आहे, ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिले’. तोच पुढे राजीनाम्यात शिरला आणि संमतीच्या कागदाचा सोडून जाण्याचा कागद झाला.

पश्तूतल्या राझीला तीन थर आहेत. सगळ्यात वर समाधान. त्याखाली संमती, कारण निकाहाच्या वेळी मुलीची ‘रझा’ विचारतात. आणि तळाशी देवाच्या मर्जीपुढे मान तुकवणं. परमेश्वराने दिलं त्यावर मी राझी आहे, असं म्हणणारी बाई तक्रार करत नसते आणि आपण सुखी असल्याचंही सांगत नसते. तिचं म्हणणं या दोन्हींच्या पलीकडचं असतं.

म्हणजे लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईला ‘तुम्ही किती राझी आहात’ विचारलं, की तिच्या कानात निकाहाच्या दिवसाचा प्रश्न पुन्हा वाजतो. त्या दिवशी तिने काय उत्तर दिलं होतं? बहुधा काहीच नाही. हनफी धर्मशास्त्रात कुमारिकेचं मौन ही तिची संमती धरतात. खाली मान, बाजूला थोरल्या बायका, आणि मौनाचा अर्थ होकार. पाहणीच्या तक्त्यात मात्र मौनासाठी कोरं घर असतं. गणित करताना त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणतात. एकीकडे गप्प राहणं हेच पूर्ण उत्तर, दुसरीकडे गप्प राहणं म्हणजे उत्तर नसणं. ही दोन मौनं एकाच बाईची आहेत. प्रश्नावली बेतणाऱ्याने निदान एवढं तरी ठरवावं, की तिच्या गप्प राहण्याची नोंद करायला कागदावर वेगळी जागा असेल.

इथे मला लातूरकडच्या एका गावातली दुपार आठवते. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या एका आजींना मी मराठी प्रश्न वाचून दाखवला होता, ‘तुम्ही किती समाधानी आहात?’ त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “समाधान काय बाई, मानलं की असतंय.” तेव्हा मी घाईत होते. सातपैकी पाचावर गोल केला आणि पुढे गेले. तो गोल चुकीचा होता हे मला आता, पश्तूच्या निमित्ताने, नीट कळतंय. मराठीत समाधान ‘असतं’ही आणि ‘मानतात’ही. आजींनी दुसरं क्रियापद निवडलं होतं. समाधान मानणं ही कृती आहे. ती रोज करावी लागते, तिला कष्ट पडतात. ‘राझी’ही तसाच. मोजपट्टीला माणसाची स्थिती हवी असते आणि बाई आपलं कर्तृत्व सांगत असते.

तरीही आम्ही ‘राझी’ ठेवला. नंगरहारच्या मुलीचा मुद्दा मला पटला. तिची आई ज्या शब्दात विचार करते तो शब्द सोडून तिला परका शब्द दिला, तर उत्तरही परकंच येणार. शब्दात तीन थर असतील तर असोत, त्यातल्या कोणत्या थरावरून बाई बोलतेय ते पुढचा प्रश्न विचारून समजून घ्यावं.

खरी अडचण आली ती उलट टोकाला. राझीचा विरुद्धार्थी म्हणून ‘नाराझ’ टाकला आणि सात घरांची शिडी मोडली. नाराज होणं म्हणजे असमाधानी असणं नव्हे, हे मराठी कानालाही लगेच कळतं. नाराज माणूस कुणावर तरी नाराज असतो. तो रुसवा आहे, त्याला समोर एक माणूस लागतो. शिडीच्या वरच्या टोकाला देवाच्या मर्जीशी जुळलेली बाई आणि खालच्या टोकाला नवऱ्यावर डाफरणारी बाई, अशी ती पट्टी झाली. कुठली शहाणी बाई परक्या पोरीसमोर खालच्या घरावर बोट ठेवेल? म्हणून आम्ही खालची बाजूच काढली. ‘अजिबात नाही’ इथून सुरुवात आणि वर ‘पुरेपूर’. घरांऐवजी पाण्याचे पेले, रिकाम्यापासून काठोकाठ भरलेल्यापर्यंत. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चित्रातल्या पेल्यांची ही युक्ती जुनी आणि भरवशाची आहे. फक्त हे करताना कॅन्ससच्या २१ गुणांशी आपलं नातं तुटतं, हे मान्य करायला हवं. तिकडे १७च्या खाली गुण पडले तर संसारात ताण आहे असं धरण्याचा प्रघात पडला. तो १७चा आकडा उचलून नंगरहारमध्ये नेणं म्हणजे दुसऱ्याच्या पायाचं माप घेऊन चप्पल शिवणं.

दुसरी ओळ. नवरा म्हणून नवरा.

इंग्रजीत इथे दोन शब्द आहेत, एक माणसासाठी आणि एक भूमिकेसाठी. पश्तूतही दोन शब्द निघाले आणि दोन्हींनी आम्हाला बांधून ठेवलं. पहिला ‘खावंद’. मराठी वाचकाला तो भेटलेला आहे, पेशवाईतल्या पत्रांत, धन्यासाठी. आपल्याकडे चाकराचा तो खाविंद, पश्तूत बायकोचा तो खावंद. आणि आपण तरी काय वेगळं केलं? धनी, मालक, कारभारी हे सगळे शब्द आपल्या बायकांनी नवऱ्यासाठी वापरलेच. दुसरा शब्द ‘मेड़’. त्याच्याच कुळातला ‘मेड़ाना’ म्हणजे शौर्य, मर्दुमकी. ‘खावंद म्हणून कसा आहे’ विचारलं तर बाई घरखर्चाचं सांगते, धान्य आणतो, औषधपाणी करतो, मुलांची फी भरतो. ‘मेड़ म्हणून कसा आहे’ विचारलं तर त्याची इभ्रत येते. गावात त्याला मान आहे का, भावकीत तो आपली बाजू धरतो का. एकाच नवऱ्याला एका शब्दाने काठोकाठ पेला मिळतो आणि दुसऱ्याने अर्धा. इंग्रजी ओळीला हवा असलेला अर्थ, सोबत करणारा, जोडीदार, हा दोन्हींत दुय्यमच.

मला वाटतं इथे अनुवादाने नम्र व्हावं आणि एका प्रश्नाचे दोन करावेत. मोजपट्टीची शिस्त मोडते, पण पश्तू बाई ज्या दोन तराजूंत नवरा तोलते ते दोन्ही समोर येतात.

नवऱ्याचं नाव घ्यायचा प्रश्न तर उद्भवतच नाही. आपल्याकडे निदान उखाणा आहे, नाव न घेण्याच्या रीतीतून नाव घेण्याची केलेली सुंदर पळवाट. पश्तूत व्याकरणच बाईच्या मदतीला येतं. भूतकाळात कर्ता आक्रसून ‘ये’ या एका अक्षराएवढा होऊ शकतो. इथे ‘त्याने’ एवढाच त्याचा अर्थ. मराठीत ‘मी पोळी खाल्ली’ म्हणताना क्रियापद पोळीच्या मागे जातं ना, तसंच पश्तूतही क्रियापद कर्माच्या मागे जातं. ‘त्याने मला पाठवलं’ या वाक्यात ‘मी’ पुढे येते, क्रियापद माझ्याशी जुळतं आणि ‘तो’ मध्ये कुठेतरी ‘ये’ होऊन बसतो. बाई दिवसभर नवऱ्याबद्दल बोलू शकते आणि तो वाक्यात एका अक्षराहून जास्त जागा घेत नाही. आपल्या ‘ह्यांनी’ची आठवण यावी असं ते अक्षर आहे. नावांची बंदी तिकडे बाईलाही आहे आणि जास्त कडक. लग्नपत्रिकेवर वधूचं, थडग्यावर मयत बाईचं नाव नसणं ही नेहमीची गोष्ट. ‘माझं नाव कुठे आहे?’ अशी मोहीम अफगाण बायकांनी २०१७मध्ये सुरू केली आणि २०२०मध्ये ओळखपत्रावर आईचं नाव घालायला कायद्याने मान्यता मिळाली. अशा ठिकाणी प्रश्नावलीच्या पहिल्या पानावरचा ‘नाव’ हा रकानाच मोठा प्रश्न असतो. ‘तुमचं नाव लिहिणार नाही’ हे आश्वासन तिथे फार सुखाचं वाटतं.

निनावी राहून खरं बोलायची रीत पश्तून बायकांना मुळात परकी नाही. लंडई हा त्यांचा जुना काव्यप्रकार. दोनच ओळी, पहिलीत ९ अक्षरं आणि दुसरीत १३, शेवट बहुधा ‘मा’ किंवा ‘ना’वर. कवयित्रीचं नाव नाही. पाणवठ्यावर, लग्नात, डफ वाजवत गायच्या. प्रेम, विरह, युद्ध, वतन, दुःख यांच्या बरोबरीने जबरदस्तीने गळ्यात मारलेल्या नवऱ्यावरचा संतापही त्यात बिनदिक्कत येतो. सय्यद बहाउद्दीन मजरूह यांनी त्या गोळा केल्या. १९८८मध्ये पेशावरमध्ये त्यांची हत्या झाली. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची आठवण येणं साहजिक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यांतही बायकांनी सासरबद्दल जे म्हटलंय ते कुठल्याही पाहणीत मिळालं नसतं. ओवी म्हणणारीचं म्हणणं जात्याच्या घरघरीत सुरक्षित असतं. लंडई म्हणणारीला विचारलं तर ती सांगू शकते, ही काय माझी आहे का, ही तर सगळ्यांचीच. प्रश्नावलीपाशी हे सगळ्यांचंपण नाही. ती एकेका बाईला वेगळी काढते आणि म्हणते, तुझं सांग.

आणि ‘तुझं सांग’ म्हटल्यावर काय सांगायचं याचीही रीत आहे. बेनेडिक्ट ग्रिमा यांनी पश्तून बायकांमध्ये राहून लिहिलेलं पुस्तक १९९२मध्ये आलं. त्यांनी दाखवलं, की तिथे बाईची जीवनकथा म्हणजे तिने सोसलेल्या ‘गम’ची कथा. आजारपणात, मरणात, लग्नकार्यात बायका एकमेकींकडे जातात. या जाण्यायेण्याचं नावच ‘गम-खादी’, दुःख आणि सुख. तिथे त्या आपली दुःखं सांगतात आणि ती नीट सांगण्यात त्यांची प्रतिष्ठा असते. जिने गम पाहिला नाही तिच्यापाशी सांगण्याजोगी गोष्टच नाही. म्हणजे मैत्रिणीजवळ दुःख सांगणं ही तिची अब्रू, आणि परक्या, शिकलेल्या, हातात कागद असलेल्या मुलीजवळ ‘शुकुर’ म्हणणं ही घराची अब्रू. कशी आहेस? शुकुर. मुलं कशी आहेत? शुकुर. नवऱ्यावर किती राझी आहेस? शुकुर. देवाची कृपा. हे उत्तर कितव्या पेल्यात ओतायचं?

अमेरिकन पट्ट्यांना एका वेगळ्याच गोष्टीचा धाक असतो. ‘एनरिच’ नावाच्या १५ प्रश्नांच्या पट्टीत ५ प्रश्न केवळ गोडवा पकडण्यासाठी आहेत. आमच्या संसारात कसलीच उणीव नाही, असं म्हणणाऱ्या माणसाचे गुण त्या पाचांवरून कमी करतात. तिकडे लोक सुख फुगवून सांगतात, ही त्यामागची समजूत. पश्तूत फुगवटा एका वेळी दोन्ही बाजूंना आहे आणि समोर कोण बसलंय त्यावर तो ठरतो. मला यात खोटेपणा दिसत नाही. या अदबीच्या दोन वेगवेगळ्या तऱ्हा आहेत आणि दोन्ही खऱ्या. म्हणून प्रश्न किती चांगला झाला याइतकंच महत्त्व तो कोण विचारतं याला आहे. ‘स्तड़े म शे’, थकू नकोस बाई, असं म्हणून आत येणारी, ‘ख्वारा म शे’ हे उलट उत्तर घेऊन बसणारी, थोरलीला ‘त्रोर’ म्हणजे मावशी म्हणणारी मुलगी हवी. २०२२च्या डिसेंबरमध्ये तालिबानने स्वयंसेवी संस्थांत काम करण्यापासून अफगाण बायकांना रोखलं. त्या एका हुकमाने असल्या कितीतरी मावश्यांच्या दारावरची थाप बंद पडली, कारण पुरुषाला त्या दारातून आत जाताच येत नाही.

आत गेलेल्या मुलीसमोर सासूही बसलेली असते. इथे भाषेने आम्हाला एक छोटी भेट दिली. पश्तूत सासूला ‘ख्वाखे’ म्हणतात, सुनेला ‘न्गोर’. कंदहारची मुलगी म्हणाली, छे, ‘ख्वाशे’ आणि ‘न्झोर’. दोघींचं लिहिणं एकच, वाचणं वेगळं. पेशावर-कंदहार हा उच्चारांचा भेद ज्या दोन अक्षरांवर उभा आहे, ती दोन्ही अक्षरं नेमकी या सासू-सुनेच्या शब्दांत आहेत. आणि ‘ख्वाखे’ संस्कृतातल्या श्वश्रूची बहीण, ‘न्गोर’ स्नुषेची. म्हणजे आपल्या सासूची आणि सुनेचीही. हे कळलं त्या दिवशी मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. नवऱ्याचे शब्द दोन्हीकडे बदलत गेले, मालक झाले, शूर झाले. सासू आणि सून मात्र अगदी मुळापासून एका घरात आहेत.

स्पॅनियर यांच्या ३२ प्रश्नांत एक प्रश्न असा आहे, की भांडणानंतर तुमच्यापैकी कुणी घर सोडून जातं का. पश्तूत त्यासाठी आयता शब्द आहे, ‘मरवरा’. रुसून बापाच्या घरी निघून गेलेली. आपल्या ‘रुसून माहेरी गेली’चा एका शब्दातला अनुवाद. मग वडीलधारे जातात, बोलणी होतात, ती ‘पखुला’ होते आणि परत येते. नवऱ्याने पाय आपटत बाहेर पडून पुरुषांच्या बैठकीत, हुज्र्यात रात्र काढणं आणि बाईने मरवरा होणं या दोन गोष्टींची तुलनाच होत नाही. एकीत चटई बदलते, दुसरीत दोन घराण्यांची इभ्रत पणाला लागते. ‘दोघांपैकी कुणी’ हे इंग्रजी शब्द या दोघांना एकाच पारड्यात घालतात. आणि माझ्या मते मरवरा होणं हे दर वेळी मोडलेल्या संसाराचं लक्षण नाही. जिचं माहेर जिवंत आहे, जिचे भाऊ दार उघडतात, तीच मरवरा होऊ शकते. जिला जायला जागा नाही ती राझी असते.

काबूलमध्ये केनेथ मिलर, पॅट्रिशिया ओमिडियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनाच्या त्रासाची एक यादी २००६मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी बाहेरून शब्द नेले नाहीत. तिथल्याच बायका-पुरुषांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या तोंडचे शब्द उचलले. ‘जिगर खून’ हा दारी भाषेतला शब्द, काळीज रक्ताळणं, त्या यादीत असा आला. संसाराच्या समाधानासाठी पश्तूत हेच करावं. मरवरा, पखुला, गम, शुकुर, राझी या शब्दांपासून सुरुवात करून पट्टी बांधावी. कॅन्ससच्या तीन ओळी शेजारी ठेवाव्यात, कारण त्यांतला भेद मोलाचा आहे. लग्न, माणूस आणि मधली जागा.

त्या मधल्या जागेसाठी, तिसऱ्या ओळीसाठी, मराठीत मी कधीच ‘पतीशी संबंध’ लिहीत नाही. ते ऐकून बाई पदर सावरते, आणि बरोबरच करते. मराठीत थोरल्या जावेने धाकटीला विचारावं तसं विचारावं लागतं, “तुमचं दोघांचं बरं आहे ना?” ‘दोघांचं’ या षष्ठीनंतर काहीच येत नाही. काय दोघांचं, ते सांगायची गरज नसते. पश्तूत आम्ही हेच पकडलं, ‘तुम्हा दोघांच्या मध्ये’. संबंध नाही, नातं नाही, नुसतं ‘दोघांच्या मध्ये’. कंदहारच्या मुलीने पहिल्यांदाच काही न बोलता मान हलवली.

नंगरहारच्या मुलीने तो मसुदा फोनवर आईला वाचून दाखवला. आई तिथेच होती, जलालाबादजवळच्या गावात. मी शेजारी बसले होते. पहिल्या ओळीला आई म्हणाली, शुकुर. दुसरीला आधी हसली, मग शुकुर. तिसरी ओळ मुलीने दोनदा वाचली. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग आई काहीतरी बोलली आणि मुलीने फोनवर हात ठेवून मला मराठी-हिंदीच्या मिश्रणात सांगितलं, “ती विचारते, दोघं कधी होतो आम्ही? घरात अठरा माणसं होती.”

त्यानंतर फोन पाऊण तास चालला. मुलगी उठून गॅलरीत गेली, तिथल्या स्टुलावर बसली, मध्ये एकदा ओढणीने डोळे पुसले, एकदा मोठ्याने हसली. परत आली तेव्हा चहा पार गार झाला होता. आई काय म्हणाली ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कागदावर तिसऱ्या ओळीपुढचे पेले तसेच होते.